२८ पुरुष, एक गोळी आणि ६७ टक्के : क्वेर्सेटिनचा पेपर वाचताना

आजचा पेपर ज्या दुखण्याबद्दल आहे, त्याबद्दल आपल्याकडे पुरुष सहसा बोलत नाहीत. ओटीपोटात, जांघेत, वृषणांच्या मागच्या भागात, कधी लघवी करताना, कधी वीर्यस्खलनानंतर दुखतं. महिनोनमहिने दुखतं. लघवीची तपासणी होते, कल्चर होतं, सोनोग्राफी होते आणि रिपोर्टवर ‘नॉर्मल’ असं लिहून येतं. दुखणाऱ्या माणसाला या शब्दाचा काडीचाही उपयोग नसतो. मग अँटिबायोटिकचा एक कोर्स, दुसरा कोर्स, आणि शेवटी औषधाच्या दुकानातली किंवा ऑनलाइन मागवलेली ‘नैसर्गिक’ कॅप्सूल. डब्यावर बहुतेक वेळा कुठल्या तरी क्लिनिकल ट्रायलचा आकडा असतो. आपल्याला आज बघायचा आहे तो हा आकडा.

आधी आजाराचं नाव नीट समजून घेऊ, कारण पुढचा अर्धा गोंधळ नावातच आहे. पुरस्थ ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या दाहाला प्रोस्टेटायटिस म्हणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, १९९० च्या दशकात त्याचे चार गट पाडले. पहिला गट अचानक होणाऱ्या जिवाणू संसर्गाचा, दुसरा रेंगाळणाऱ्या जिवाणू संसर्गाचा. चौथा असा की दाह दिसतो पण त्रास काहीच नसतो. आणि तिसरा गट म्हणजे ‘क्रॉनिक प्रोस्टेटायटिस किंवा क्रॉनिक पेल्व्हिक पेन सिंड्रोम’. यात दुखतं, पण जिवाणू सापडत नाहीत. बहुसंख्य रुग्ण याच तिसऱ्या गटात येतात. या गटाच्या नावातच ‘किंवा’ आहे, हे लक्षात ठेवा. दुखण्याचं मूळ प्रोस्टेटमध्ये आहे याचीसुद्धा खात्री नाही, म्हणून तो ‘किंवा’. तिथले स्नायू, मज्जातंतू, मूत्राशय, यांपैकी काहीही असू शकतं. आणि एका रुग्णाचं कारण दुसऱ्याचं असेलच असंही नाही.

आता पेपर. १९९९ साली ‘युरॉलॉजी’ या जर्नलमध्ये शॉस्कस आणि सहकाऱ्यांनी क्वेर्सेटिनची एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली. क्वेर्सेटिन म्हणजे कांदा, सफरचंद, चहा यांत असणारं एक फ्लॅव्होनॉइड. तिसऱ्या गटातले ३० पुरुष घेतले. काहींना ५०० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन दिवसातून दोन वेळा, बाकीच्यांना प्लासिबो, मुदत एक महिना. डबल ब्लाइंड, म्हणजे कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. प्लासिबो गटातले दोघे त्रास वाढला म्हणून मध्येच थांबले. उरले १३ प्लासिबोचे आणि १५ क्वेर्सेटिनचे.

त्रास मोजला तो एनआयएचच्या प्रश्नावलीने. तिला एनआयएच-सीपीएसआय म्हणतात. ० ते ४३ असा स्कोअर: दुखण्याचे २१, लघवीच्या तक्रारींचे १०, जगण्यावर होणाऱ्या परिणामाचे १२. ती नुकतीच, त्याच वर्षी प्रसिद्ध झाली होती. बायोकेमिस्ट्रीवाल्या आपल्या मंडळींना ‘प्रश्नावली’ म्हटलं की नाक मुरडायची सवय असते. मुरडू नका. दुखणं हाच आजार असेल तर माणसाला विचारण्यावाचून ते मोजणार कसं? उलट या क्षेत्रात पांढऱ्या पेशी मोजून फसगत झालेली आहे. प्रोस्टेटच्या स्रावात किती पांढऱ्या पेशी आहेत याचा आणि किती दुखतं याचा मेळ बसत नाही.

निकाल असा: प्लासिबो गटाचा सरासरी स्कोअर २०.२ वरून १८.८ वर आला. क्वेर्सेटिन गटाचा २१.० वरून १३.१ वर. किमान २५ टक्के सुधारणा झालेले लोक प्लासिबोत २० टक्के, क्वेर्सेटिनमध्ये ६७ टक्के. पहिल्या वाचनात कोणीही प्रभावित होईल. जवळपास आठ गुणांची घट ही लहान गोष्ट नाही. पुढे झालेल्या अभ्यासानुसार साधारण सहा गुणांची घट रुग्णाला स्वतःला जाणवते.

आता पेन्सिल घ्या. टक्केवारी दिसली की तिची माणसं करायची, ही सवय आजपासून लावून घ्या. १५ चे ६७ टक्के म्हणजे १० माणसं. ठीक. १३ चे २० टक्के किती? २.६. दोन पूर्णांक सहा दशांश माणसं बरी होत नाहीत. १५ चे २० टक्के मात्र बरोब्बर ३. म्हणजे टक्केवारी काढताना सोडून गेलेले दोघेही बहुधा ‘सुधारणा नाही’ म्हणून धरलेले असावेत. ही लबाडी नाही बरं का. ज्याला ज्या गटात टाकलं त्याला त्याच गटात शेवटपर्यंत मोजायचं, याला इंटेन्शन टू ट्रीट म्हणतात आणि तीच चांगली पद्धत आहे. पण मग एकाच निकालात एका वाक्याचा छेद १३ आणि दुसऱ्याचा १५ होतो, आणि घाईत वाचणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही.

आता १५ पैकी १० विरुद्ध १५ पैकी ३ हे फिशरच्या एक्झॅक्ट टेस्टमध्ये घाला. मी घातलं. दोन्ही बाजूंचा पी साधारण ०.०२५ येतो. म्हणजे रूढ अर्थाने ‘सिग्निफिकंट’. आता फक्त एक माणूस हलवा. क्वेर्सेटिन घेणाऱ्या त्या दहा जणांपैकी एकाची सुधारणा २५ टक्क्यांऐवजी २३ टक्के झाली असती, त्या आठवड्यात त्याचा बसचा प्रवास जास्त झाला म्हणून म्हणा. १५ पैकी ९ विरुद्ध ३. पी होतो ०.०६. दोन माणसं हलवली तर ०.१३. संपूर्ण निष्कर्ष एका माणसाच्या एका आठवड्यावर उभा आहे. याला नाजूकपणाचा निर्देशांक म्हणतात आणि इथे तो आहे १. नेटच्या तयारीत पी-व्हॅल्यूची व्याख्या आपण घोकतो, पण ती हातात घेऊन हलवून बघायला कोणी सांगत नाही.

सरासरीच्या वाक्याकडेही बघा. प्लासिबो गटातली घट ‘सिग्निफिकंट नाही’, क्वेर्सेटिन गटातली घट पी बरोबर ०.००३. अशी मांडणी दिसली की विचारायचं: हा पी कोणाशी तुलना करून आला? गटाच्या स्वतःच्याच आधीच्या स्कोअरशी, की दुसऱ्या गटाशी? एका गटात फरक सिग्निफिकंट आणि दुसऱ्यात नाही, म्हणून दोन गटांमधला फरक सिग्निफिकंट, असं होत नाही. ही चूक इतकी सर्रास आहे की तुमच्या स्वतःच्या विभागातल्या मागच्या तीन प्रबंधांत ती शोधून बघा. सापडेल.

पण मला या पेपरमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट क्वेर्सेटिनच्या गटात दिसत नाही. ती प्लासिबोच्या गटात आहे. एक महिन्यात फक्त १.४ गुणांची घट. हे विचित्र वाटतं, कारण याच आजाराच्या मोठ्या चाचण्यांत प्लासिबो घेणारे लोक बऱ्यापैकी सुधारतात. २००८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आलेली अल्फुझोसिनची चाचणी घ्या. २७२ पुरुष, १२ आठवडे. किमान चार गुण कमी होणं म्हणजे सुधारणा असं आधीच ठरवलेलं. औषध घेणाऱ्यांत सुधारले ४९.३ टक्के. आणि प्लासिबो घेणाऱ्यांत? ४९.३ टक्के. दशांशापर्यंत तेच.

अर्धे लोक रिकाम्या गोळीवर सुधारतात, याचा अर्थ त्यांचं दुखणं खोटं होतं असा लावणारे लोक मला भेटले आहेत, त्यात चांगले शिकलेलेही होते. हा अर्थ साफ चुकीचा आहे. हे दुखणं चढतं-उतरतं असतं. माणूस चाचणीत नाव कधी घालतो? जेव्हा असह्य होतं तेव्हा. शिवाय चाचणीत घ्यायलाच ठरावीक स्कोअरच्या वर असावं लागतं. म्हणजे आपण सगळ्यांना त्यांच्या लाटेच्या वरच्या टोकाला पकडतो. नंतर मोजलं की बरेच जण आपोआप खाली आलेले दिसणारच. याला रिग्रेशन टू द मीन म्हणतात. त्यात भर पडते नियमित तपासणीची, कोणीतरी पहिल्यांदाच नीट ऐकून घेतल्याची, आणि ‘काहीतरी करतोय’ या दिलाशाची. मग डब्यावर छापलेल्या ‘मला दोन महिन्यांत फरक पडला’ या अनुभवाचं काय करायचं? तो अनुभव खरा असतो. त्या माणसाला खरंच फरक पडलेला असतो. फक्त तो गोळीमुळे पडला हे त्या अनुभवावरून कळत नाही.

तर १९९९ च्या चाचणीत प्लासिबो गट इतका कमी का सुधारला? मुदत एकच महिन्याची होती हे एक कारण असू शकतं. १५ माणसांच्या गटात योगायोगाने चिवट रुग्ण जास्त आले हेही शक्य आहे. दोघे तर त्रास वाढून निघूनच गेले. कारण काहीही असो, ६७ आणि २० मधली दरी दोन्ही बाजूंनी बनलेली आहे: ६७ वर गेले म्हणून, आणि २० खाली राहिले म्हणूनही. जाहिरात फक्त पहिलं सांगते.

पेपरचा शेवटचा भाग मात्र मला खटकतो. ब्लाइंड चाचणी संपल्यावर आणखी १७ जणांना क्वेर्सेटिनमध्ये ब्रोमेलेन आणि पपेन मिसळलेलं व्यापारी उत्पादन एक महिना दिलं. ब्रोमेलेन अननसातलं, पपेन पपईतलं, दोन्ही प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स. त्यांनी क्वेर्सेटिनचं शोषण वाढतं अशी कल्पना. ८२ टक्के लोकांत सुधारणा, म्हणजे १७ पैकी १४. इथे प्लासिबो नाही, रँडमायझेशन नाही, आपण काय घेतोय हे सगळ्यांना माहीत. १७ पैकी १४ आणि १५ पैकी १० यांत फरक आहे असं म्हणायला कुठलाही आधार नाही. तरी वाचकाच्या डोक्यात २०, ६७, ८२ अशी शिडी तयार होते. ॲबस्ट्रॅक्टमध्ये आकडे कुठल्या क्रमाने ठेवलेत, हाही एक प्रकारचा युक्तिवादच असतो.

लेखकांशी न्यायाने वागायचं तर त्यांनी शीर्षकातच ‘प्राथमिक’ असा शब्द वापरला होता. प्राथमिक चाचणीचं काम मोठी चाचणी करण्यासारखी आहे का ते सांगणं. ते या पेपरने चोख केलं. ब्लाइंडिंग केलं, प्रश्नावली योग्य निवडली, सोडून गेलेल्यांची संख्या आणि कारण लपवलं नाही. माझी तक्रार पेपरशी कमी आणि त्याच्या पुढच्या आयुष्याशी जास्त आहे. २८ जणांच्या हिशोबावर चोवीस-पंचवीस वर्षं लेख, शिफारशी आणि डब्यांची लेबलं उभी राहिली. ‘प्राथमिक’ हा शब्द पहिल्याच वळणावर गळून पडला.

थोडं आपल्या बाजूचं. क्वेर्सेटिन दाह कमी करतं हे टेस्ट ट्यूबमध्ये दाखवणारे पेपर ढिगाने आहेत आणि रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्या ढिगाकडे जरा तिरक्या नजरेनेच बघावं. या रेणूत कॅटेकॉल आहे, तो सहज ऑक्सिडाइज होतो, काही परिस्थितीत त्याचे पुंजके होऊन ते प्रथिनांना चिकटतात. त्यामुळे तो ज्या एन्झाइमसमोर ठेवाल ते दबलेलं दिसतं. सगळ्या परीक्षांत पास होणारा विद्यार्थी हुशार असेल किंवा कॉपी करत असेल. स्क्रीनिंगमध्ये क्वेर्सेटिनबद्दल हाच संशय घेतात. शिवाय पोटातून रक्तात जाताना आतडं आणि यकृत त्याला साखरेचे आणि सल्फेटचे गट जोडून बदलून टाकतात. प्लेटमधल्या पेशींवर टाकलेलं क्वेर्सेटिन आणि माणसाच्या रक्तात फिरणारं क्वेर्सेटिन हे बऱ्याच अंशी वेगवेगळे पदार्थ आहेत. आणि हो, ‘मग रोज कांदा खाल्ला तर?’ हा प्रश्न येणारच, आपण लासलगावच्या राज्यात राहतो. कांद्यात १०० ग्रॅममागे साधारण २० ते ४० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन असतं, जातीनुसार कमीजास्त. चाचणीतला दिवसाचा १००० मिलिग्रॅमचा डोस गाठायला अडीच ते पाच किलो कांदे लागतील. तेव्हा कॅप्सूलला ‘नैसर्गिक’ म्हणताना हा हिशोब आठवावा. निसर्गात हा डोस कुठेही नाही.

तुलनेसाठी दुसरा पेपर बघा, तो मला बराच जास्त आवडतो. २००९, ‘युरोपियन युरॉलॉजी’, वागेनलेनर आणि सहकारी. परागांचा अर्क असलेलं सर्निल्टन नावाचं औषध. अनेक केंद्रांवर, डबल ब्लाइंड, १३९ पुरुष: ७० अर्काचे, ६९ प्लासिबोचे, १२ आठवडे. मुख्य मोजमाप काय हे आधी ठरवलेलं: प्रश्नावलीतला दुखण्याचा भाग. त्यात अर्काचा गट सरस ठरला, पी ०.००८६. एकूण स्कोअर किमान २५ टक्के किंवा सहा गुणांनी कमी झालेले लोक अर्काच्या गटात ७०.६ टक्के, प्लासिबोत ५०. बघा, इथे प्लासिबो ओळखीच्या जागी आला. निम्मे. त्याच्या वर २०.६ टक्के, म्हणजे साधारण पाच जणांनी औषध घेतलं तर एकाला केवळ औषधामुळे फायदा. हा आकडा ६७ विरुद्ध २० इतका चमकत नाही, पण माझा विश्वास यावर जास्त बसतो. तरी एक अट विसरू नका. यात तिसऱ्या गटातले फक्त ‘दाह दिसणारे’ रुग्ण घेतले होते. ज्यांना दाह दिसत नाही त्यांच्याबद्दल हा पेपर काहीच बोलत नाही. दुकानदार मात्र दोघांनाही तोच डबा देतो.

सॉ पामेटोवर फार वेळ घालवत नाही. २००४ च्या एका चाचणीत ६४ पुरुषांपैकी निम्म्यांना ते वर्षभर दिलं. स्कोअर २४.७ वरून २४.६. प्लासिबो नसलेल्या, उघड चाचणीतसुद्धा काही हललं नाही. वाढलेल्या प्रोस्टेटसाठीही, जो वेगळा आजार आहे, अमेरिकेतल्या दोन नीट केलेल्या चाचण्यांत, २००६ मध्ये २२५ आणि २०११ मध्ये ३६९ पुरुषांवर, ते प्लासिबोपेक्षा वरचढ ठरलं नाही. दुसरीत तर डोस तिपटीपर्यंत वाढवला होता. तरीही ‘प्रोस्टेट हेल्थ’ लिहिलेल्या किती डब्यांवर हे नाव आहे ते मोजून बघा.

‘फायदा नाही तर नाही, नुकसान तर नाही ना?’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. त्याला उत्तर म्हणून सिलेक्ट ही चाचणी पुरेशी आहे. ३५ हजारांहून अधिक पुरुष, प्रोस्टेटचा कर्करोग टळावा म्हणून व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम. २०११ मध्ये निकाल आला: फक्त व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग प्लासिबोपेक्षा १७ टक्के जास्त. टळायचा तो वाढला. डोस होता रोज ४०० युनिट. हे कोणालाही आधी सुचलं नव्हतं, आणि मोठी चाचणी झाली नसती तर कधीच कळलं नसतं.

कायद्याची एक गोष्ट जाता जाता. आपल्याकडे १९५४ चा औषधे आणि जादुई उपाय कायदा आहे. ज्या आजारांवर उपचाराची जाहिरातच करता येत नाही त्यांची यादी त्याला जोडलेली आहे, आणि पुरस्थ ग्रंथीचे विकार त्या यादीत आहेत. म्हणून डब्यावर ‘बरा करतो’ असं न लिहिता ‘आरोग्य राखण्यास मदत’ असं लिहिलेलं असतं. गोखरू म्हणजे आपले सराटे, वरुण, शिलाजित यांच्या मिश्रणांवरही हीच भाषा. ती वाचताना लक्षात घ्या की ‘मदत’ या शब्दाची चाचणी करता येत नाही. कुठला स्कोअर, किती गुण, किती आठवडे, कोणाच्या तुलनेत, हे सांगितल्याशिवाय दावा खोडताच येत नाही.

मग ज्याला दुखतंय त्याने काय करावं? मी डॉक्टर नाही. ताप, लघवीतून रक्त किंवा लघवी अडकणं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, कॅप्सूल नाही. बाकीच्यांसाठी एक दिशा सांगण्यासारखी आहे, जी डब्यात मिळत नाही म्हणून कमी ऐकू येते: ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी. २००९ च्या एका छोट्या चाचणीत अशी थेरपी घेतलेल्यांपैकी ५७ टक्के सुधारले, साधा मसाज घेतलेल्यांपैकी २१ टक्के. पण थांबा, खूश होऊ नका. ४७ माणसं, त्यातल्या निम्म्या स्त्रिया, आणि थेरपिस्टला ब्लाइंड करता येत नाही. क्वेर्सेटिनला लावलेली पट्टी इथेही लावायची. गंमत म्हणजे क्वेर्सेटिनच्या पेपरचे पहिले लेखक शॉस्कस यांनीच पुढे निकेल यांच्यासोबत रुग्णांचं सहा अंगांनी वर्गीकरण करायची पद्धत मांडली: लघवी, मानसिक ताण, अवयव, संसर्ग, मज्जासंस्था, स्नायूंचा दुखरेपणा. ज्याचं जे अंग दुखतं त्यावर उपचार. सगळ्यांना एकच गोळी, या कल्पनेपासून हा बराच लांबचा प्रवास आहे.

ज्यांना पीएचडीच्या मुलाखतीत ‘पुढे काय कराल?’ हा प्रश्न येणार आहे, त्यांनी हा हिशोब करून ठेवा. प्लासिबोत ५० टक्के सुधारतील असं धरा, औषधाने ७० व्हावेत अशी अपेक्षा. ८० टक्के पॉवर, ५ टक्के अल्फा. प्रत्येक गटात साधारण ९० माणसं लागतात, गळती धरली तर एकूण दोनशेच्या आसपास. १९९९ मध्ये होती ३०. दोनशे पुरुष जमवायचे, तीन महिने सांभाळायचे, हुबेहूब दिसणारी रिकामी कॅप्सूल बनवून घ्यायची. कांद्यातल्या रेणूवर पेटंट मिळवून तो खर्च वसूल करणं कुठल्याही कंपनीला अवघड, आणि डबे तर चाचणीशिवायही खपतातच. हा पैसा कोणी द्यावा, यावर तुमचं उत्तर तयार असू द्या. मुलाखत घेणाऱ्यांकडेही ते असतंच असं नाही.

पुढच्या वेळी हळदीतल्या कुर्क्युमिनचा एक पेपर घेऊ. तोवर फिशर टेस्टचे ते तीन आकडे स्वतः काढून बघा.